माझ्या पोटावरची लाल रेषा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. जाड कागदाचा, पाठीला कापड लावलेला, वर-खाली लाकडी दांडे असलेला. तरुणपणी मी नगरपालिकेच्या दालनात लटकत असे. पाहुणे आले की साहेब माझ्या पोटाला छडी टोचून शहर किती वाढलं ते सांगत. मला गुदगुल्या होत, पण सरकारी नकाशाला हसून कसं चालेल?

एका सकाळी साहेबांनी माझ्यावर लाल पेन्सिलीने प्रभागांच्या नव्या रेषा ओढल्या. कापडगिरणीच्या मागे एक वस्ती होती. तिथल्या लोकांचे पणजोबा समुद्रापलीकडून कामाला आले होते. कातडीचा रंग वेगळा, एवढ्यावरून शहर त्यांना अजून पाहुणेच समजत होतं. साहेबांनी त्या वस्तीचे चार तुकडे केले आणि शेजारच्या चार मोठ्या प्रभागांना वाटून टाकले. मत प्रत्येकाला होतं, पण चारही ठिकाणी ही माणसं मूठभरच. पुढे पंधरा वर्षं त्यांच्यातलं कुणीच निवडून आलं नाही.

मग नवा प्लास्टिकचा नकाशा आला आणि माझी रवानगी कायद्याच्या कॉलेजात झाली. तिथे माझं काम एकच, प्राध्यापकबाईंच्या खोलीतली भिंतीची ओल झाकणं. कुणी वर मान करून पाहत नसे. फार एकटं वाटे.

बाई त्याच वस्तीत वाढलेल्या. वंश, प्रतिनिधित्व आणि लोकशाही यांवर त्यांनी साठ पानांचा लेख लिहिला. तळटिपाच दोनशे बारा. तो तिघांनी वाचला, त्यांतला एक मुद्रितशोधक होता.

एकदा त्यांची मावशी आली. मावशी शिवणकाम करायची आणि तीन निवडणुका हरली होती. ती म्हणाली, "तुझा लेख घेतला वाचायला. दुसऱ्या पानावर डोळा लागला. छान झोप झाली."

"मावशी, त्यात तुझ्यावरच्याच अन्यायाबद्दल लिहिलंय."

"असेल गं. पण हे काय टांगलंयस?" मावशीने चष्मा लावून माझ्या पोटावर बोट फिरवलं. "ही लाल रेघ तर माझ्या दुकानातून गेलीय."

बाई खुर्चीवरून उठल्या. त्याच आठवड्यात वस्तीने कोर्टात दावा लावला आणि मी बाईंच्या खांद्यावरून कोर्टात गेलो. वाटेत मला घट्ट गुंडाळलं होतं, त्यामुळे मला उलगडलं की मी फटकन मिटायचो. दुसऱ्या खेपेला खालचा दांडा नगरपालिकेच्या वकिलांच्या हनुवटीला लागला. शेवटी तो धरून ठेवायला एक शिपाई उभा राहिला.

न्यायाधीशांनी विचारलं, "ही रेषा इथे एकदम का वळली?"

"नैसर्गिक सीमा आहे, साहेब. तिथे नाला आहे," वकील म्हणाले.

मावशी शांतपणे उभी राहिली. "तिथे माझं दुकान आहे, साहेब. माझं मशीन एका वॉर्डात आणि इस्त्रीचं टेबल दुसऱ्यात. चाळीस वर्षांत एकदाही बुडाले नाही मी."

न्यायाधीशांनी हसू रुमालात लपवलं. पण पुढचे तीन दिवस त्यांनी बाईंचा लेख तळटिपांसकट वाचला. निकाल लागला: रेषा मुद्दाम ओढल्या आहेत, वस्ती एकाच प्रभागात ठेवा. माझ्यावरच्या त्या लाल रेषा खुद्द बाईंनी खोडरबराने पुसल्या. कागद थोडा सोलला, पण मी हूं की चूं केलं नाही.

निवडणूक झाली. मावशी अकरा मतांनी हरली. जिंकली ती वस्तीतलीच बेकरीवाली.

बाईंना रडू आवरेना. मावशी मात्र दुसऱ्याच दिवशी बेकरीवालीच्या दारात, गल्लीतल्या बंद दिव्याची तक्रार घेऊन. बेकरीवाली पिठाचे हात पुसत म्हणाली, "मत मला दिलं नाहीस, आणि पहिली तक्रार तुझीच?"

"मत नाही दिलं," मावशी म्हणाली, "पण नगरसेविका तर माझीच आहेस ना? लिहून घे."

मित्रांनो, आम्हा नकाशांना ओलीपासून जपा. आणि भिंतीवर आम्ही दिसलो की नुसते पुढे जाऊ नका. जवळ येऊन, बोट ठेवून विचारा, ही रेषा कुणी ओढली आणि कुणाच्या घरातून.