पाऊण तासातला एक ठोका

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. काशाच्या दोन थाळ्या, चामड्याचे दोन पट्टे आणि ऐंशी वर्षांचं वय. मला ठोकून ठोकून घडवलं आणि मग जन्मभर ठोकायला चेक देशातल्या या बिअरच्या गावी धाडलं. लग्नं, मिरवणुका, आग विझवणाऱ्या बंबवाल्यांच्या अंत्ययात्रा, सगळीकडे माझं कौतुक झालं. एका हिवाळ्यात मात्र मला आंबवलेल्या कोबीच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं होतं. त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.

माझा खरा मान गावच्या वाद्यवृंदात. आमच्या चेक संगीतकार द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत मला पाऊण तासात एकच ठोका आहे, तोही शेवटच्या भागात. तो चाळीस वर्षं ओताकार व्रझाल आजोबा देत आलेत. असा देतात, की श्रोत्यांच्या पुढच्या रांगेत झोपलेले गावचे औषधवाले जागे होतात.

यंदा ह्रुबेशोव्हाबाई वाद्यवृंदाच्या नव्या संचालिका झाल्या. तालमीत त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"आजोबा, भिंत पाडताय का?"

"चाळीस वर्षं असाच वाजवतोय, बाई."

"मग चाळीस वर्षं चुकताय. इथे स्वरलिपीत 'मध्यम जोराने' लिहिलंय. रविवारच्या कार्यक्रमात असाच वाजला, तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस!"

घरी मला कपाटावर ठेवत आजोबा बायकोला म्हणाले, "क्वेता, हळू वाजवला तर मला ऐकूच येत नाही गं."

"मग तसं सांगा ना त्यांना."

"कान गेले म्हटलं, की झांजही जाईल."

"चाळीस वर्षं माझं तरी कुठे ऐकलंत!" आजी म्हणाल्या, पण दुसऱ्या दिवशी गुपचूप बाईंना भेटून आल्या.

रविवारी आजोबा बोटांवर मोजत उभे राहिले. काठोकाठ भरलेला ग्लास फेस न सांडता टेबलावर ठेवावा, तशा अलगद त्यांनी माझ्या थाळ्या एकमेकींना भेटवल्या. असा गोल, उबदार आवाज माझ्यात आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. आजोबांना तो ऐकू आला नाही. हातात माझी थरथर जाणवली, ती त्यांना आपल्या म्हातारपणाची वाटली. ते पडलेल्या चेहऱ्याने खाली बसले.

"ओताकार, विसरलास की काय?" नंतर औषधवाले म्हणाले. "माझी झोप पूर्ण झाली आज!"

आजोबा मला परत देऊन टाकायला माझे पट्टे सोडू लागले. तेवढ्यात बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "आजोबा, असा ठोका मी उभ्या जन्मात ऐकला नाही!"

"काय?"

"पुढच्या वर्षीही तुम्हीच!"

सारं सभागृह वळून बघू लागलं. आजोबांनी पट्टे पुन्हा बांधले.

मित्रांनो, वाद्यं कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, एवढंच मी मागणार होते. पण आणखी एक मागते. कुणी आपलं काम नीट केलं असेल, तर त्याला तसं सांगा. जवळ जाऊन, मोठ्याने. ऐकू आलं नसेल, तर परत सांगा.