आधी कोणतं?

आळेफाट्यावर कापडाचं दुकान असलेल्या सुंदरबाई एका दुपारी पिशवीभर पुस्तकं घेऊन माझ्या घरी आल्या. "गुरुजी, यातलं आधी कोणतं वाचायचं, तेवढं सांगा," म्हणाल्या.

मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवलं. तत्त्वज्ञानाचा आणि गणिताचा संबंध इतकाच, की दोन्हींना लोक लांबून नमस्कार करतात. पण कोणी गुरुजी म्हणून विचारलं की 'मला माहीत नाही' हे शब्द तोंडातून निघत नाहीत. मास्तरकीचा जुना रोग, दुसरं काय.

पुस्तकं पीयूषची, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. बी.कॉम. झाला, चार वर्षं दुकानात बसला आणि गेल्या वर्षी दीक्षा घेऊन जैन साधू झाला. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय दीक्षा मिळत नाही. वडील आधीच वारलेले, तेव्हा हो म्हणायचं ते आईनंच. पीयूषनं ही पुस्तकं तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "मम्मी, हे सगळं वाच आणि मग हो का नाही ते सांग." सुंदरबाई सातवी शिकलेल्या. पहिलं पान उघडलं, ओ की ठो कळेना. पोरगं एवढं शिकलंय तर बरोबरच असेल, असं धरून त्या हो म्हणून बसल्या.

"आता वाचून काय करणार, भाभी?" मी विचारलं.

"कुठल्या पानावर त्याला घर नकोसं झालं, ते बघायचंय. तिथवर मला जायचंय."

मी सोप्याकडून अवघडाकडं असा क्रम लावून दिला. आधी कर्मावरचं पातळ पुस्तक, मग आत्म्यावरचं, आणि शेवटी तर्काचा तो जाडजूड ठोकळा. भाभींना पटलं नाही. "पीयूष असं वाचणार न्हाई. तो ताटातलं कारलं आधी खायचा." झालं, माझा क्रम उलटा झाला.

दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा मी दुकानात जाऊन बसायचो; त्या मोठ्यानं वाचायच्या आणि मला न कळलेलं मी त्यांना समजावून सांगायचो. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. एकदा आलं, की कोणतीही वस्तू एका अंगानं पाहिली तर असते आणि दुसऱ्या अंगानं पाहिली तर नसते. मी फळ्यावर आकृती काढल्यासारखे हात हलवू लागलो.

"राहू द्या गुरुजी, हे कळलं मला," भाभी म्हणाल्या आणि चष्मा काढून बसल्या. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी पुढं वाचलं नाही.

नंतर क्रम पुन्हा बदलला, मग आणखी एकदा. आत्मा आधी घेतला, कर्म आधी घेतलं. ते पान काही सापडेना.

चातुर्मास संपला आणि साधू पुन्हा पायी फिरू लागले. नाशिकच्या बाजूनं आलेला एक संघ फाट्यावरच्या जैन स्थानकात उतरला. त्यात पीयूष होता. आता नाव वेगळं, डोकं मुंडलेलं, तोंडाला पांढरी पट्टी. भाभींनी मला सोबत नेलं. साधूला बाईमाणसानं शिवायचं नसतं, आईनंही. त्या लांब उभ्या राहून वाकल्या. "दया पालो," तो म्हणाला. साधू सगळ्यांनाच म्हणतात ते.

साधूला खोटं बोलता येत नाही, कोणाचं मन राखायलासुद्धा नाही. भाभींची सगळी भिस्त त्यावरच होती.

"महाराज, त्या पुस्तकांतलं तुमी आधी कोणतं वाचलंत?"

तो म्हणाला, "तेव्हा एकही वाचलं नव्हतं."

"मग मला कशाला दिली?"

"तुम्हाला ती वाचता येणार नाहीत, हे ठाऊक होतं. तुम्ही ती बाजूला साराल आणि जाऊ नको म्हणाल, असं वाटलं होतं."

"आन् म्हणले असते तर?"

अरे बाबा, आता मौन धर, मी मनात म्हटलं. तुझ्या धर्मात तेवढी तरी सोय आहे. मला त्याचा रागच आला होता.

"थांबलो असतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच संघ नारायणगावच्या दिशेनं चालत गेला. भाभी रस्त्यावर आल्या नाहीत.

तर्काचं पुस्तक माझ्याकडंच राहिलं होतं. ते द्यायला चार दिवसांनी दुकानात गेलो. भाभी एका बाईला परकर दाखवत होत्या. ती गेल्यावर त्यांनी पुस्तक घेतलं आणि न उघडता गल्ल्याशेजारी ठेवलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, पुढं कोणतं घ्यायचं.

"जाऊ नको, एवढंच म्हणायचं व्हतं, गुरुजी," त्या म्हणाल्या. "ते तर मला न वाचताबी येत व्हतं."