चौथ्या खोलीतली

“दूधबाई तूच ना?”

दार उघडणारी मुलगी गोंधळली. समोर पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते. हातात पिशवी, अंगात खाकी शर्ट, खिशावर शाळेच्या व्हॅनचा बिल्ला. तेवढ्यात आतून दूध उतू गेल्याचा करपट वास आला आणि त्यांचा चेहरा खुलला.

“तूच! मी चौथ्या खोलीतल्या पोरीचा बाप.”

विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला अशा इमारतींची रांगच आहे. एका फ्लॅटमध्ये चार खोल्या, चार कुलपं, आणि चौघींत मिळून एक स्वयंपाकघर नि एक बाथरूम. कोणी कोणाबरोबर राहायचं हे इमारतीचं ऑफिस ठरवतं. पुढचं ज्याचं त्याने बघायचं.

व्हॅनवाले काका स्वयंपाकघरात आले आणि टेबलाशी बसलेल्या दोघींकडे लग्नघरात पाहुण्यांनी बघावं तसे बघू लागले.

“तू रेडिओ. अंघोळ करताना गातेस, पण कडवं कधी पुरं करत नाहीस. आणि तू वकील. फोनवर कडाकडा भांडतेस आणि फोन ठेवल्यावर रडतेस.”

रेडिओ हसली. वकील मात्र हसली नाही. तिच्या रडण्याचं तिने या घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पोरगी सांगते ना! दर रविवारी तासभर तुमचंच पुराण. तुम्ही एकत्र जेवता, एकमेकींची थट्टा करता.” वकिलाकडे वळताना काकांचा आवाज एकदम ओला झाला. “ती तापाने फणफणली होती तेव्हा तू रात्रभर तिच्या उशाशी बसलीस. तुझे उपकार कसे फेडू, बाळ?”

वकील कधी चौथीच्या उशाशी बसली नव्हती. चौथीला ताप आला होता हेही तिला आत्ता कळत होतं. पण बाप हात जोडून उभा असताना, ती मी नव्हे, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

“अहो काका, त्यात काय एवढं,” ती पुटपुटली.

“दोन रविवार झाले, तिचा फोन नाही. मी केला तर लागत नाही. मागच्या आठवड्यात मी वॉचमनला फोन केला. त्याने इंटरकॉमवरून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, आहे, अंघोळीला गेलीय. तेव्हा कुठे जिवात जीव आला. नाहीतर तेव्हाच धावत आलो असतो.”

“आहे ना काका,” दूधबाई म्हणाली. “कालच तिच्या चपलांचा आवाज आला.”

“सकाळी नळ सोडला होता तिने,” रेडिओ म्हणाली.

“माझे दोरीवरचे कपडेसुद्धा घडी करून ठेवले,” वकिलाने भर घातली.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या घराची रीतच तशी पडली होती. जे या तिघींपैकी कुणी केलं नाही, ते चौथीने केलं. दिवा कुणी मालवला? चौथीने. कचरा कुणी खाली नेला? चौथीने. साखर संपली तर तीही चौथीनेच संपवली. तिच्याकडून तक्रार कधी आली नाही, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं.

काकांनी चौथ्या दारावर टकटक केली. हाक मारली. मग खालच्या ऑफिसातून आणलेली किल्ली काढली.

“झोपली असेल,” असं म्हणत त्यांनी दार उघडलं, आणि आत जाऊन ते उभेच राहिले.

कपाटात नुसते हँगर लटकत होते. टेबल कोरं. भिंतीवर खिळ्याचं एक भोक नाही की चिकटपट्टीचा डाग नाही. गादीचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कुणी राहायला येणार म्हणून खोली तयार ठेवावी, तशी ती होती.

पोरी दारातूनच मागे सरकल्या. काकांनी दार लोटून घेतलं आणि ते गादीवर टेकले. प्लास्टिक चरचरलं. तेव्हा त्यांना दिसलं की भिंतीकडच्या बाजूला ते चुरगळलेलं आहे, एकाच कुशीवर कितीतरी दिवस कुणी झोपल्यासारखं. दारामागे ऑफिसची सूचना होती: सामान खराब झाल्यास भरपाई घेतली जाईल. दुसऱ्याच्या वस्तूला ओरखडा उठू द्यायचा नाही हे त्यांनीच तिला लहानपणापासून शिकवलं होतं. तिने ते इतकं मनावर घेतलं असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यांनी तिच्या जागी, तिच्यासारखी भिंतीला पाठ टेकवली. आणि कानात कुणी बोलावं तसे शब्द आले.

“तू बघितलंयस का तिला? नीट, समोरून?”

“मी? मला वाटायचं ती तुझी मैत्रीण आहे.”

“माझे कपडे तूच काढलेस का गं?”

“हो. वारा सुटला होता.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?”

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं. कपात चमचा फिरलेलाही ऐकू येत होता. ही पोरगी रोज इथे बसून ऐकत होती. भिंतीच्या या बाजूने तिने तीन मैत्रिणी जमवल्या होत्या आणि बापाला काळजी नको म्हणून दर रविवारी त्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. काका दुसऱ्यांची लेकरं दारात घरचं मोठं माणूस दिसल्याशिवाय व्हॅनमधून उतरू देत नसत. स्वतःची मात्र त्यांनी कुणाच्या भरवशावर इथे सोडली होती?

ते बाहेर आले. कुणी काही बोलणार, इतक्यात चपला वाजल्या. फट फट, सावकाश. मग बाथरूमकडून नळ सुटल्याचा आवाज आला.

तिघी टेबलाशीच होत्या. काका त्यांच्यासमोर उभे होते.

“काका,” दूधबाई कुजबुजली, “हीच. ही तीच.”

“आली!” काका ओरडले. एवढ्या आनंदाने ते बऱ्याच वर्षांत ओरडले नसतील. त्यांनी धावत जाऊन बाथरूमचं दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. फरशी कोरडी, बादली कोरडी. नळाला थेंब नव्हता. पाण्याचा आवाज मात्र चालूच होता, छतातून, भिंतीतल्या पाइपातून उतरत. मग वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ बंद केला आणि चपला फटफटत निघून गेल्या.

कितीतरी दिवस या तिघी वरच्यांचे पाय ऐकत होत्या आणि चौथी घरात आहे म्हणून निर्धास्त झोपत होत्या.

दूधबाईला रडू फुटलं. “आम्हाला खरंच वाटलं हो काका…”

काका रागावले नाहीत. रागवायचं कुणावर? त्यांनी फोनमधला फोटो काढून पुढे धरला.

“एकदा बघा. कुठे दिसली असेल तर.”

दूधबाईने मान हलवली. वकिलानेही. रेडिओने मात्र फोन हातात घेतला तो घेतलाच.

“ही? ही चौथी?”

“कुठे पाहिलीस?”

“आपल्याच मजल्यावर, लिफ्टपाशी. दोन आठवडे झाले असतील. मी बाहेर येत होते, ही आत जात होती. मोठी बॅग होती, चाक अडकलं. मी दार धरून ठेवलं. मला वाटलं कुणाची तरी पाहुणी. मी आपलं सहज विचारलं, कुणाकडे आली होतीस?”

“काय म्हणाली?”

रेडिओने फोन टेबलावर ठेवला. “म्हणाली, मैत्रिणींकडे.”

वकील उठून चपला घालू लागली. “काका, पोलिसांत जाऊ. आत्ताच. मी येते तुमच्याबरोबर.”

“जाऊ,” काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून रेडिओच्या समोर बसले. “जाऊच. पण आधी तू मला पहिल्यापासून सांग बाळ. तू दार धरलंस. मग?”

“मग ती हसली.”

“हसली ना?”

“हो काका. हसली.”

“पुन्हा सांग,” काका म्हणाले.