चिकणमातीचे दाणे

धाकटीनं काकडीचं करपलेलं रोप मुळासकट उपटलं आणि चिखलाच्या पायांनीच ती वरच्या रानात चढली. थोरले दीर फवारणीचा पंप धूत बसले होते.

"भाऊजी, हे बघा! वाफेच्या वाफे गेले. विहिरीचं पाणी दिलं आणि पानं पांढरीफटक पडली."

"कीड असेल."

"कीड अशी पांढरी करते होय? तुम्ही वर तणनाशक मारता, पाऊस झाला की ते झिरपून विहिरीत उतरतं. आणि दोन्ही घरं तेच पाणी पितात!"

"मग मारू नको? तण माजल्यावर निस्तरायला तुझा नवरा येणार आहे का?"

धाकटीच्या ते वर्मी लागलं. नवरा ट्रकवर, घरी असला तर असला. भाजीची रोपं करून विकायची, त्यावरच तिचं घर उभं होतं. करपलेलं रोप त्यांच्या पुढ्यात टाकून ती खाली उतरली.

थोरल्यांची लेक शेती संशोधन केंद्रात कामाला होती. तिनं विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. पुढच्या सुट्टीला आली ती गोण्या घेऊनच.

"आबा, पाण्यात तुमचंच औषध निघालं," ती म्हणाली. "यंदा हे दाणे टाकू. चिकणमातीचे आहेत. मातीच्या पदरांत औषध धरून ठेवलंय. ओल लागेल तसं थोडं थोडं सुटतं. तणाचं बी जिथं उगवतं, त्या वरच्या थरातच राहतं, भस्सकन खाली जात नाही."

"शिकायला पाठवली ती कुंभारीण होऊन आली!" आबा म्हणाले. "माझ्या रानात माती कमी पडली का?"

धाकटीनं हळूच विचारलं, "खात्री आहे का गं तुला?"

"केंद्राच्या रानात जमलंय, काकू. आपल्या उतारावर कुणी बघितलेलं नाही."

रानाच्या मधोमध उंचवटा होता. एक उतार विहिरीकडे, दुसरा ओढ्याकडे. बरीच बोलाचाली होऊन ठरलं: मका पेरल्यावर विहिरीच्या अंगाला दाणे, ओढ्याच्या अंगाला नेहमीचं औषध. दाण्यांच्या बाजूला तण आलं तर ते धाकटीनं उपटायचं. तिनं मान डोलावली आणि जुनं पाणी विहिरीतून उपसून टाकलं.

मका वर आला. ओढ्याकडची बाजू पुसून काढल्यासारखी स्वच्छ, आणि दाण्यांच्या बाजूला सरीसरीतून हिरवे ठिपके. थोरल्यांनी ते बघितलं आणि पंप पाठीला लावूनच आले. धाकटी सरीत आडवी उभी राहिली.

"सरक."

"नाही सरकत."

"अंगावर उडेल!"

"उडू द्या. पोटात जातंच आहे, अंगावर पडल्यानं काय व्हायचंय?"

नळीचं तोंड तिच्याकडे होतं. थोरल्यांच्या कपाळाची शीर तटतटली. मग त्यांनी नळी खाली केली, काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. धाकटीनं बसून तण उपटायला घेतलं. नखं मातीनं भरली, पाठ धरली. पोरीनं आपल्याला तोंडघशी पाडलं तर, हा विचार काही केल्या हटेना.

आणि पाऊस लागला. दिवसभर नुसता झोडपत होता. बांध फुटले, विहिरीचं पाणी गढूळ झालं. उघडीप होताच धाकटीनं नव्या वाफ्यात काकडीचं बी टोकलं आणि त्याच विहिरीचं पाणी दिलं. पानं उलगडली, तशी रोज सकाळी चूळ भरायच्या आधी ती वाफ्यापाशी. एकदा एक पान कडेला पांढुरकं दिसलं, तशी ती तिथंच उकिडवी बसली. पान उलटून बघितलं, तर खाली गोगलगाय कुरतडत बसलेली. तिला रडावं की हसावं कळेना. बाकीची रोपं हिरवीगार होती.

पुतणीनं पुन्हा पाणी तपासून आणलं. "अगदीच नाही असं नाही, काकू. पण मागच्या मानानं अगदी किरकोळ."

दोघी वर रानात गेल्या तर थोरले उंचवट्यावर उभे. ओढ्याकडचं औषध पावसानं धुऊन ओढ्यात नेलं होतं. तिकडं तणानं मका झाकून टाकला होता. दाण्यांच्या बाजूला तणाच्या चार-दोन काड्या तेवढ्या.

"उरलेत का दाणे?" त्यांनी लेकीकडे न बघता विचारलं.

"नाहीत आबा. आणि उगवलेल्या तणावर ते चालतही नाहीत."

थोरले ओढ्याकडे बघत राहिले. खालच्या वस्तीची गुरं पाण्याला उतरली होती.

"धाकटे," ते म्हणाले, "जादाचं खुरपं आहे का गं?"

तिनं आणून दिलं. स्वतःही एक घेऊन बसली, पण त्यांच्या शेजारची सरी सोडून, दोन सऱ्या पलीकडे. राग अजून पुरता गेला नव्हता.