तळाच्या पट्टीवरची फुगणारी नावं

मालवाहतुकीच्या त्या ऑफिसात सकाळीच पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर, हमाल, समोरच्या टायरवाल्याची बायको, सगळे एका कॉम्प्युटरभोवती हात जोडून उभे. स्क्रीनवर रोजचीच स्प्रेडशीट होती. प्रत्येक ट्रकचं एक पान आणि तळाच्या पट्टीवर त्या पानाचं नाव: राणी, वादळ, बिजली, म्हातारी. ट्रकना नंबराऐवजी लाडाच्या नावानेच हाक मारायची इथली पद्धत. तर ही तळाची नावं म्हणे आपोआप फुगत होती.

"आधी मुंगीएवढी होती, सर," वादळचा ड्रायव्हर मला म्हणाला. "आता दारातून वाचता येतात!"

मी दुसऱ्या गावी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. या ऑफिसात नोंदी ठेवणारी बाई माझी मावशी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. फोनवर ती या चमत्काराबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. मला खबर टायरवाल्याकडून लागली, तेव्हा रजा टाकून आलो.

मालकांच्या खुर्चीत मांडी ठोकून बसलेल्या माणसाला सगळे अक्षरबाबा म्हणत होते. "अक्षराला प्राण असतो, बाळांनो! माझ्या ध्यानाची कंपनं विजेच्या तारेतून आत शिरतात. नाव वाढलं की गाडी सुखरूप!" वीज गेल्यावर ही कंपनं कुठे मुक्काम करतात, ते बाबांनी सांगितलं नाही.

नावं एवढी ऐसपैस झाली होती की पट्टीवर मावेनात. म्हातारी तर पार स्क्रीनबाहेर ढकलली गेली होती. तिचा ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "बाबा म्हणतात, तिच्यावर घात आहे. मी नाही गाडी काढणार."

मालकही काही कमी नव्हते. "सर, पानावरचे आकडे झूम केल्यावर मोठे होतात, एवढं आम्हालाही कळतं. पण तळाची नावं झूमला भीक घालत नाहीत. आम्ही सगळे मेनू पालथे घातले, तिथे सोयच नाही. मग हे करतंय कोण?"

"तिथे सोय नाही हे खरंय, मालक. सोय दुसरीकडे आहे."

मी माऊस हातात घेतला. स्प्रेडशीट तशीच ठेवून कॉम्प्युटरची सेटिंग्ज उघडली आणि अक्षरांच्या आकाराचा स्लायडर शोधला. तो उजव्या टोकाला जाऊन बसला होता. मी तो डावीकडे ओढला. स्क्रीन क्षणभर अडखळली आणि सगळी नावं पुन्हा मुंगीएवढी झाली. कोपऱ्यात म्हातारीसुद्धा हजर! तिचा ड्रायव्हर खो खो हसत सुटला.

"पानावरची अक्षरं फाईलच्या ताब्यात असतात," मी म्हणालो, "आणि तळाची नावं मशीनच्या. मशीनची अक्षरं वाढवली की तीही वाढतात. फोल्डरची नावं, मेनू, सगळंच वाढलं होतं. पण तिकडे बघा असं बाबांनी सांगितलं नव्हतं ना!"

"दुष्ट तरंग! दुष्ट तरंग!" असं पुटपुटत बाबा पिशवी आवरू लागले. मला चेव चढला होता. "थांबा की! तुमच्या कुठल्या चेल्याने हे केलं, तेही सांगून जा."

"कुणा चेल्याने नाही रे," मागून मावशी म्हणाली. "मीच केलं."

मी माऊस सोडून मागे वळलो.

"मला दिसत नाहीये. धूसर दिसायला लागलं म्हणून थोडं वाढवलं. मग आणखी थोडं. तूच मागे एकदा शिकवलं होतंस."

"मग सांगितलं का नाहीस, मावशी?"

"डोळे अधू झालेल्या बाईला कामावर कोण ठेवणार? आणि मग हे बाबा आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'बाई, तुझ्या डोळ्यांतला प्रकाश अक्षरांत उतरतोय, औषधाने अडवू नकोस.' डोळ्यांत घालायला थेंब दिले. नावं मी वाढवते हे मला ठाऊकच होतं. पण डोळ्यांचं मी घरीदारी कुणालाच बोलले नव्हते. यांनी कसं ओळखलं? तिथे माझा विश्वास बसला."

"तुझं नाक स्क्रीनला टेकत असणार गं."

तिच्यासमोर उभं राहून कुणीही बघितलं असतं, तर त्याला कळलं असतं. पण शेजारच्या टेबलावरच्यांपासून मालकांपर्यंत सगळे नावांकडे बघत होते. तिच्याकडे नीट बघितलं ते एका लबाडाने, आणि तेही सावज म्हणून.

मी तिला तसाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी तपासलं आणि सांगितलं, "रक्तातली साखर वाढलेली आहे. त्यामुळे डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झालाय. उजवा डोळा गेला. डाव्याला सावल्या दिसतील, तेवढंच. थेंब घालत बसण्याऐवजी तेव्हाच आला असतात, तर लेझरने बरीच नजर वाचवता आली असती."

मावशीने पदर नीट केला आणि विचारलं, "म्हणजे आता अक्षर कितीही मोठं केलं, तरी नाही का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर येऊन लहान पोरासारखा रडलो.

स्लायडर कुठे असतो ते आता तुम्हाला कळलं. पण तेवढ्याने भागत नाही. असं काही आपोआप घडताना दिसलं, तर कृपा करून हात जोडू नका. हे कोण करतंय आणि त्या माणसाला ते का करावं लागतंय, एवढं विचारा. त्या ऑफिसात हे कुणी वेळेवर विचारलं असतं, तर मावशीने आज मला दारात बघूनच ओळखलं असतं. आता मी हाक मारेपर्यंत ती विचारते, "कोण आलंय?"