मऊ सीट

"शस्त्रक्रिया झाली," सर्जनबाई म्हणाल्या, "पण लघवीवरचा ताबा परत येईल असं मला वाटत नाही. पायांचंही कठीणच आहे."

फेना छताकडे बघत पडली होती. तिचा नवरा वुब्बे टोपी हातात धरून उभा होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराजवळच्या गावात त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. फेना त्याच गावात सायकलवरून टपाल वाटायची.

"बसायची जागा बधिर कधी झाली?"

"मंगळवारी. आज शुक्रवार ना?"

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"याला सांगितलं की."

वुब्बेने मान खाली घातली. पाठ तिची जुनीच दुखायची. मंगळवारी ती दुकानात येऊन म्हणाली होती, "अरे, मांड्यांच्या मध्ये हात लावला तरी कळत नाही. दोन्ही पायांत कळा येतायत." अशी तक्रार घेऊन गिऱ्हाइकं नेहमीच यायची. "बाईसाहेबांचं बूड नाजूक झालंय," असं म्हणून त्याने तिच्या सायकलला दुकानातली सगळ्यात मऊ सीट बसवून दिली. गुरुवारी लघवी उतरेना, तेव्हा म्हणाला, "पाणी कमी पितेस तू."

"मणक्यांमधली चकती सरकून खालच्या नसांचा जुडगा दबला," सर्जनबाई सांगत होत्या. "क्वचितच होतं. पण पाठदुखीत ती जागा बधिर झाली, लघवी अडली, की तडक इस्पितळात यायचं. उद्यावर टाकायचं नाही."

"त्याला बोलू नका," फेना म्हणाली. "सीट खरंच चांगली होती."

त्यानंतर ती चाकाच्या खुर्चीतच राहिली. लघवीच्या नळीमुळे पुन्हापुन्हा ताप यायचा. दुसऱ्या हिवाळ्यात जंतू मूत्रपिंडात गेले, रक्तात पसरले आणि ती गेली.

वुब्बेने दुकान बंद केलं नाही. परवा शाळेतला गणिताचा मास्तर सायकल ढकलत आला.

"वुब्बे, ही सीट बदल बाबा. खालचं सगळं बधिर झालंय."

"पाठ दुखते?"

"माझ्या वयात कुणाची दुखत नाही?"

पुढचा प्रश्न वुब्बेच्या ओठांवर आला. मास्तर वाट बघत होता. वुब्बेने पाना उचलला आणि खाली वाकून बोल्ट सैल केला.

लघवी नीट होते का, हे त्याने अजून एकाही गिऱ्हाइकाला विचारलेलं नाही.