कसर लागलेलं आभाळ

सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर नुरझात पोचली तेव्हा वारा पिसाळलेला होता. गाडीतून हिंडायचं आणि मेंढपाळांच्या पोरांना ग्रहतारे दाखवायचे, हे तिचं काम. त्यासाठी हवा भरून उभा करायचा कापडी घुमट होता. तो फुगला, डुलला आणि खडकावर घासून टरकन फाटला.

पोरं तर येऊन बसली होती. नुरझात मान खाली घालून कापड गोळा करू लागली.

"रडतेस की काय?" सायराकान आपांनी विचारलं. कुरणावर सगळ्यांत वडीलधाऱ्या त्याच. "आत चल, चहा घे."

"मग रात्री खरे तारेच दाखवते, आपा."

"इथं रोज संध्याकाळी ढग उतरतात, पोरी. चंद्रसुद्धा दिसत नाही."

आपांचा, लोकर लाटून केलेल्या जाड नमद्याचा गोल तंबू जुना होता. चहा पिताना नुरझातनं वर पाहिलं. छताला कसर लागली होती, आणि बारीक भोकांतून ऊन चमकत होतं. तिचा पेला हातातच राहिला.

"धुराड्यावरचं झाकण ओढून दार लावलं, तर ही भोकं ताऱ्यांसारखी दिसतील!"

सून बुरुल हसली. "सासूबाईंची अब्रू काढतेस का?"

"हिलाच सांगत होते नवा नमदा करू म्हणून," आपा म्हणाल्या. "हिचे हात दुखतात."

"पण आपा, आणखी भोकं पाडावी लागतील," नुरझात चाचरत म्हणाली.

आपांनी छताकडे पाहिलं. घराचं छप्पर होतं ते. मग उठून त्यांनी दाभण आणलं. "शरदात नवा करायचाच आहे. पाड. पण उर्कर मी सांगेन तिथं."

उर्कर म्हणजे कृत्तिका. बुरुल पेटीवर चढून काठीला बांधलेल्या दाभणानं तारे पाडू लागली, पोरं काठ्यांनी नको त्या भोकांत लोकर कोंबू लागली. उर्करचे सहा की सात, यावरून सासू-सुनेची जुंपली.

"दुर्बिणीतून शेकडो दिसतात," नुरझात म्हणाली.

"मग मी राहू कुठं?" आपा म्हणाल्या.

दार लागलं. पोरं उताणी पडली आणि तारे मोजू लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर सूर्य उर्करच्या दिशेला येतो म्हणून उर्कर काही दिवस दिसत नाही, असं नुरझातनं सांगितलं.

"आमचे म्हातारे म्हणायचे, तो जमिनीत उतरतो, म्हणून गवत वर येतं," आपा अंधारातून म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज खाली आला. "मोतीबिंदू झाल्यापासून मला उर्कर दिसला नव्हता गं. हा दिसतोय. देव तुझं भलं करो."

आभार आपण मानायचे, हे नुरझातला ठाऊक होतं.

संध्याकाळी ढग उतरले, पाऊस आला आणि ताऱ्यांखाली पातेली मांडायची धावपळ उडाली. नुरझात माफी मागू लागली, तर बुरुलनं तिच्याच हातात पातेलं दिलं.

शरदात खालच्या गावी नवा नमदा लाटायला बायका जमल्या, तेव्हा नुरझात न बोलावता आली. बाह्या सरसावून ती बुरुलशेजारी गुडघ्यांवर बसली आणि कोपरं सोलवटेपर्यंत ओली लोकर लाटत राहिली.

"शहरातली असून हात बरे चालतात हिचे," आपा सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.